जावयाच्या गाडीखाली सासरे

माझ्या सासऱ्यांइतकं हताश मला आजवर दुसऱ्या कोणी केलेलं नाही, आणि हे मी माझे तीन साहेब, शाळेतले गणिताचे सर आणि मे महिन्यातला पाण्याचा टँकर हे सगळे धरून सांगतो आहे. साहेब बदलतात, गणिताचे सर निवृत्त होतात, टँकर उशिरा का होईना येतो. सासरे मात्र सलग अकरा वर्षं दर रविवारी सकाळी नऊच्या ठोक्याला नवघरहून आमच्या पूनम सागरच्या बिल्डिंगमध्ये यायचे, लिफ्टकडे ढुंकूनही न बघता थेट पार्किंगमध्ये जायचे, पिशवीतून एक गोणपाट काढून जमिनीवर अंथरायचे आणि माझ्या गाडीखाली शिरायचे. त्यानंतर दोन तास त्यांचे फक्त पाय दिसायचे. माझ्या मुलीने पहिलीत असताना ‘माझे आजोबा’ या विषयावर चित्र काढलं, त्यात एक गाडी होती आणि तिच्याखालून बाहेर आलेल्या दोन चपला होत्या. बाईंनी आम्हा दोघांना शाळेत बोलावून, घरी सगळं ठीक आहे ना, असं काळजीने विचारलं.

सासरे बसगाड्यांच्या एका वर्कशॉपमध्ये पस्तीस वर्षं फिटर होते. परळची खोली सोडून ते नवघरला राहायला आले तेव्हा सगळ्यांना वाटलं, माणूस आता आराम करील. पण एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला जुनी मिठागरं आणि मध्ये आपण, अशा ठिकाणी फिटर माणसाने आराम कसा करावा? इथल्या हवेत मीठ असतं. खिडकीचे गज, बाल्कनीतली कपड्यांची तार, स्कूटरचा स्टँड, दोन पावसाळ्यांत सगळ्याचा रंग एकच होतो. सासऱ्यांनी आल्या आल्या शत्रू ओळखला. तो शत्रू म्हणजे गंज, आणि त्याच्यावर त्यांना सापडलेलं औषध म्हणजे अँटी-सीझ ग्रीस.

हे ग्रीस काय असतं हे ज्यांना ठाऊक नाही त्यांचा मला मनापासून हेवा वाटतो. तांब्याची बारीक पूड घातलेलं ते एक तपकिरी, तांबूस वंगण असतं. बोल्ट बसवण्याआधी त्याच्या आट्यांना ते जरासं चोपडायचं, म्हणजे पुढे चार वर्षांनी तो बोल्ट गंजून जाम न होता सहज निघतो. एवढाच त्याचा उपयोग, आणि तो चांगलाच आहे. पण सासऱ्यांच्या लेखी ते वंगण नव्हतं, तो धर्म होता. नवीन गाडी शोरूममधून आणली त्या दिवशी आम्ही हार घातला, नारळ फोडला, पेढे वाटले. सासऱ्यांनी चाकांपुढे हात जोडले, मग शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि एकेक करून सोळाच्या सोळा नट खोलले. शोरूमच्या माणसाने ते कोरडेच बसवले होते. मुलीच्या सासरी तिला उपाशी ठेवलं आहे असं कळावं, तशी मुद्रा करून ते माझ्याकडे बघत राहिले.

या ग्रीसचा एक गुण त्याच्या डब्यावर कधीच लिहिलेला नसतो. ते पुसलं जात नाही, फक्त पसरतं. सासऱ्यांच्या बोटावरून ते गाडीच्या दाराला लागायचं, दारावरून माझ्या हाताला, माझ्या हातावरून लिफ्टच्या बटणाला, आणि संध्याकाळपर्यंत आमच्या विंगमधल्या सात मजल्यांवरची माणसं एकमेकांना ‘ये क्या लगा है’ असं विचारत असायची. टॉवेल, उशा, मुलीची गणिताची वही, लग्नाचा अल्बम, सगळीकडे तो तांबूस अंगठा उमटलेला आहे. एकदा बढतीच्या मुलाखतीला मी पांढरा शर्ट घालून, आरशात चार वेळा बघून निघालो. समोरचे तिघेही साहेब मी बोलत असताना माझ्या उजव्या कानाकडे बघत होते. मुलाखत संपल्यावर त्यातल्या एकाने हळूच रुमाल पुढे केला. बढती मिळाली नाही. सासऱ्यांना सांगितलं तर ते म्हणाले, कान काही गंजत नाही, तिथे लावायची गरज नव्हती.

घरातही त्यांनी काही शिल्लक ठेवलं नाही. कुकरच्या दांड्याचा स्क्रू, चष्म्याच्या काड्या, पंख्याची कडी, देवघराच्या दाराच्या बिजागऱ्या. लोणच्याच्या बरणीचं झाकण घट्ट बसतं अशी माझ्या बायकोने एकदा सहज तक्रार केली, आणि त्यानंतर ते लोणचं आम्हाला वर्षभर कोणालाही वाढता आलं नाही. एकदा मासे घ्यायला म्हणून आम्ही मुर्ध्याला गेलो होतो. तिथे एका कोळ्याचं बोटीचं इंजिन दोन दिवस उघडत नव्हतं. आम्ही पापलेट घेऊन परत आलो ते संध्याकाळी पाच वाजता, कारण मधले सहा तास सासरे त्या इंजिनावर वाकून होते. त्यांनी ते उघडलं, सगळे बोल्ट चोपडून परत बसवलं, आणि तो कोळी मला बाजूला घेऊन म्हणाला, “असा मानूस न्हाय बगला कदी. ह्यांना सांबाळा.” पापलेटांचा तोपर्यंत वास यायला लागला होता.

पण सगळ्यावर कडी झाली ती अधिक महिन्यात. त्या महिन्यात जावयाला वाण देतात हे सगळ्यांना माहीत आहे: तेहेतीस अनारसे, तांब्याचं नाहीतर चांदीचं भांडं, वर दिवा. सासूबाई आमच्या लग्नाच्या आधीच गेलेल्या, त्यामुळे हे कोण करणार असा प्रश्न होता. पण सासरे म्हणाले, रीत म्हणजे रीत. मला पाटावर बसवलं. बायकोच्या आत्यांनी ओवाळलं. मग सासऱ्यांनी पिशवीतून रंगीत कागदात बांधलेला, वर सुपारी ठेवलेला एक किलोचा डबा काढून माझ्या ओंजळीत दिला. कागद न सोडताही आत काय आहे ते मला कळलं होतं. “वाण तांब्याचं द्यायची पद्धत आहे,” ते म्हणाले. “यात तांबंच आहे. शिवाय पूड केलेलं, म्हणजे तुम्हाला वापरायला सोपं.” एवढं बोलून ते खाली गेले आणि माझ्या गाडीचे बरोबर तेहेतीस बोल्ट खोलून, चोपडून परत बसवून आले. जेवताना म्हणाले, अनारसे काय, दोन दिवसांत संपले असते.

आता यातली माझी अडचण वाचणाऱ्यांच्या लक्षात आली असेल. आपल्याकडे जावयाचे पाय सासऱ्याने धुवावेत इथपर्यंत रीत गेलेली आहे, पण जावयाच्या गाडीखाली सासऱ्याने लोळावं असं कुठेही सांगितलेलं नाही. सत्तरी ओलांडलेला माणूस दर रविवारी फरशीवर आडवा पडलेला, आणि धडधाकट जावई वर चहा पितोय, हे दृश्य सगळी सोसायटी बघत होती. आमचे गुजराती सेक्रेटरी तर मला एकदा लिफ्टमध्ये गाठून म्हणाले, “जमाई होके ससुर से ये सब कराते हो? शोभता नहीं है.” मी सासऱ्यांना विनवलं, रागावलो, गाडी शनिवारीच गॅरेजला देऊन बघितली. रविवारी ते आले, गॅरेजवाल्याने बसवलेला प्रत्येक बोल्ट खोलून बघितला आणि चार तासांनी बाहेर आले. त्यानंतर मी नाद सोडला. काही माणसं आपल्या नशिबात असतात, तसे हे आहेत, असं म्हणून मी गप्प बसलो.

गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या एका संध्याकाळी बायको मुलीला घेऊन, गाडी चालवत, वडिलांना फराळाचा डबा द्यायला निघाली होती. नवघरच्या अलीकडे गाडी डावीकडे डुलायला लागली. मागून खडखड ऐकू येत होती. एक रिक्षावाला शेजारून ओरडत गेला, “मॅडम, पीछे का चक्का देखो.” तिने गाडी कशीबशी कडेला घेतली. मागच्या डाव्या चाकाचा एक नट गायब होता आणि उरलेल्या तीनपैकी दोन तिने बोटांनी फिरवले तर फिरले. हे तिने मला फोनवर सांगितलं तेव्हा तिचा आवाज अगदी शांत होता, आणि तो शांत आहे म्हणूनच मी चपला न घालताच खाली धावलो.

मी रिक्षाने पोहोचलो. मुलगी फूटपाथवर बसून आजोबांच्या फराळातली चकली खात होती. जवळच्या गॅरेजमधला माणूस आला, त्याने उरलेला एक नट काढून हातात धरला आणि बोटाला लागलेलं ते तांबूस ग्रीस माझ्यासमोर धरलं. म्हणाला, “नट पे ये किसने लगाया? आटे चिकने हो गए तो हाथ का अंदाज गलत हो जाता है, साहब. बाकी सब जगह लगाओ, चक्के का नट सूखा बिठाते हैं.” त्याने एक नवा नट आणला, चारही चाकांचे आटे पुसले आणि कोरडे नट आवळून दिले. आम्ही नवघरला न जाता घरी परतलो. फराळ पाठवायला जमलं नाही, असं बायकोने वडिलांना कळवलं.

घरी आल्यावर मी म्हणालो की आता बस, उद्याच जाऊन मी त्यांना सांगणार. मला तेव्हा राग आला होता, खोटं कशाला बोलू. बायको सोफ्यावर बसली होती. ती म्हणाली, आधी बस, आणि मग तिने मला जे सांगितलं ते आमच्या लग्नाला इतकी वर्षं होऊनही मला ठाऊक नव्हतं. सासूबाईंच्या छातीत दुखायला लागलं त्या दिवशी सासरे त्यांना स्वतःच्या जुन्या गाडीतून हॉस्पिटलला नेत होते. हायवेवर टायर पंक्चर झाला. स्टेपनी होती, जॅक होता, पाना होता. तीन नट निघाले. चौथा गंजून बसला होता. पस्तीस वर्षं बसची चाकं काढणारा माणूस त्या एका नटाशी अर्धा तास झगडला, पान्यावर उभा राहिला, आणि तो नट हलला नाही. शेवटी एका टेम्पोवाल्याने सासूबाईंना हॉस्पिटलला पोहोचवलं. चौथ्या दिवशी त्या गेल्या. अर्ध्या तासाने काही फरक पडला नसता, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. सासऱ्यांनी ते नीट ऐकून घेतलं, आणि तेरावा झाल्यावर पहिला डबा विकत आणला.

“बाबांना सांगायचं नाही,” बायको म्हणाली. “त्या डब्यामुळे चाक निखळत होतं, आणि आत मी आणि पोरगी होतो, हे त्यांना कळलं तर ते राहतील कशावर?”

मी विचारलं, आणि पुढच्या रविवारी ते परत लावतील त्याचं काय?

“तू आहेस ना,” ती म्हणाली.

अशा रीतीने माझ्या आयुष्यातला सर्वांत लाजिरवाणा उद्योग सुरू झाला. रविवारी सकाळी सासरे गाडीखाली शिरायचे, सगळं चोपडायचे, सोळाही नटांना ते तांबूस बोट लावायचे, वर येऊन जेवायचे आणि घरी जायचे. बाकीच्या बोल्टांना मी हात लावत नव्हतो. पण दुपारी बिल्डिंग झोपली की मी थिनरची बाटली, फडकं आणि पाना घेऊन खाली जायचो, चारही चाकांचे नट एकेक करून काढायचो, आटे पुसायचो आणि कोरडे आवळून परत यायचो. सकाळी सासऱ्याने करायचं, दुपारी जावयाने पुसायचं. सेक्रेटरींनी मला एकदा पकडलं आणि समाधानाने म्हणाले, “अब ठीक है. जमाई भी काम करता है.” मी त्यांना काय सांगणार? आणि एक गोष्ट इथे कबूल करतो. त्या वंगणाला मी जन्मभर शिव्या दिल्या, पण पाना नुसता टेकवला की नट इतका अलगद सुटायचा, की मला दर वेळी त्या हायवेवरच्या चौथ्या नटाची आठवण यायची. मी ते पुसत असताना मला रडू यायचं. चाळिशी उलटलेला माणूस पार्किंगमध्ये उकिडवा बसून चाक पुसतोय आणि रडतोय, हे कोणी बघितलं नाही हे नशीब.

हे सगळं तीन महिने चाललं. सासऱ्यांना खरं तर पहिल्याच आठवड्यात कळायला हवं होतं, पण ते दर वेळी नट फडक्यात घेऊन, न बघताच ग्रीसच्या डब्यात बुडवायचे. नजरही पूर्वीची राहिली नव्हती. एका रविवारी मात्र मीही खाली त्यांच्यासोबत होतो. त्यांनी मागच्या डाव्या चाकाचा नट काढला, आणि चष्मा कपाळावर असल्यामुळे असेल, बघण्याऐवजी स्टडच्या, म्हणजे नट बसतो त्या दांडीच्या, आट्यांवरून अंगठा फिरवला. मग अंगठ्याकडे पाहिलं. अंगठा स्वच्छ होता. त्यांनी दुसरा नट काढला, तिसरा काढला. चौथा हातात घेऊन त्यांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला. तो बाकीच्यांपेक्षा चकचकीत होता.

“जावईबापू, हे कोणी पुसलं?”

मी म्हणालो, सर्व्हिसिंगवाल्यांनी पुसलं असेल.

“ते पुसत नाहीत. त्यांना तेवढा वेळ नसतो.” त्यांनी नवा नट तळहातावर ठेवला. “आणि हा माझा नाही.”

फिटर माणसाला नटाने जे सांगायचं ते सांगून झालं होतं. ते गोणपाटावर उठून बसले, हात गुडघ्यांवर ठेवले, आणि त्यांनी मला एकच विचारलं.

“गाडीत कोण होतं?”

“मीच होतो,” मी म्हणालो. “एकटाच. हळू चाललो होतो, काही झालं नाही.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी आयुष्यात इतकं सरळ तोंड ठेवून कधी खोटं बोललेलो नाही. मग त्यांच्या खांद्यांतलं सगळं बळ गेल्यासारखं ते गाडीला टेकले आणि म्हणाले, “तुम्ही होतात ना. मग बरं झालं.” बोलून झाल्यावर आपण काय बोललो हे त्यांच्या लक्षात आलं असावं. ते गडबडले आणि शेजारचा पाना उगाचच फडक्याने पुसायला लागले. मला मुळीच वाईट वाटलं नाही. सासऱ्याच्या नजरेत आपली किंमत मुलीपेक्षा आणि नातीपेक्षा कमी आहे हे ऐकून इतका सुखावलेला जावई दुसरा झाला नसेल. मी म्हणालो, हो बाबा, मीच होतो.

त्यांनी ते चाक स्वतःच्या हाताने कोरडं पुसलं. नट बसवले आणि पाना माझ्या हातात दिला. मी आवळत असताना त्यांनी आपला हात माझ्या हातावर ठेवला होता आणि ते दर वेळी म्हणत होते, अजून थोडं. चारही चाकं झाल्यावर डब्याचं झाकण लावलं, गोणपाट झटकून त्याची घडी केली आणि ते जेवायला न थांबताच गेले.

पुढच्या रविवारी नऊ वाजता आमच्या दारावरची बेल वाजली. इस्त्री केलेला शर्ट, चापून बसवलेले केस, हातात अर्धा डझन केळी. नखांतला तांबूस रंग गेलेला होता, आणि त्या स्वच्छ हातांमुळे ते कोणीतरी लांबचे पाहुणे वाटत होते. सोफ्याच्या कडेला बसून त्यांनी चहा घेतला. माझ्या ऑफिसची चौकशी केली. मी त्यांच्या ब्लडप्रेशरची चौकशी केली. मग आमच्या दोघांकडचेही विषय संपले आणि आम्ही बंद टीव्हीकडे बघत बसलो. बायको स्वयंपाकघरात कारण नसताना भांडी हलवत होती. नातीने विचारलं, आजोबा, तुम्ही खाली नाही गेलात? ते म्हणाले, गाडी आता चांगली आहे. दहा वाजता ते उठले.

या गोष्टीला पाच महिने झाले. ते दर रविवारी असेच येतात, तासभर बसतात आणि जातात. घरातले टॉवेल पांढरे झाले आहेत. सेक्रेटरी मला मान देतात. मी अकरा वर्षं जे मागत होतो ते सगळं मला मिळालं आहे आणि मला ते नको झालं आहे. देवाकडे मी सहसा काही मागत नाही, पण हल्ली रविवारी आंघोळ झाली की हात जोडून म्हणतो, माझ्या गाडीचं काहीतरी बिघडू दे. चाकाचं नको, ब्रेकचं नको. वायपर चालेल, हॉर्न चालेल, डिकीचं कुलूप चालेल. फक्त ते मला जमण्यासारखं नसावं, एवढंच.